कॉम्प्युटर चालू केला की आपोआप उघडणारे नको ते प्रोग्राम कसे बंद करायचे (विंडोज १० आणि ११)

पासवर्ड टाकला, डेस्कटॉप दिसला, पण माउसजवळचं गोल चक्र काही थांबत नाही, क्रोमवर डबल क्लिक केलं तर ढिम्म, म्हणून परत केलं, अजून एकदा केलं, आणि मग एकदम चार क्रोम उघडले. मधेच टीम्सची खिडकी आली, तिच्यावर स्पॉटिफाय आलं, खाली कोपऱ्यात कुठल्यातरी अँटिव्हायरसचं "आजच रिन्यू करा". हे ज्यांच्याकडे रोज होतं त्यांच्यासाठी लिहितोय. यावर ओळखीतला कुणीतरी "फॉरमॅट मार" सांगतो आणि दुकानवाला आनंदाने मारूनही देतो, पण पुष्कळदा विंडोजला काही झालेलंच नसतं, फक्त लॉगिन झाल्या झाल्या पंधरा-वीस प्रोग्राम एकाच वेळी उठून बसलेले असतात आणि फॉरमॅटनंतर तेच प्रोग्राम परत टाकले की महिन्याभरात परत तेच.

हे येतात कुठून तर आपणच टाकलेले असतात. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना आपण नेक्स्ट नेक्स्ट फिनिश करतो, त्यात कुठेतरी "विंडोजबरोबर सुरू करा" ही टिक आधीपासून असते, कधी तर विचारतही नाहीत. शिवाय लॅपटॉप कंपनीने स्वतःचे चार-पाच प्रोग्राम आधीच भरून दिलेले असतात ते वेगळेच. प्रत्येकाला वाटतं आपण तयार राहिलो तर पटकन उघडू, पण सगळेच तयार राहायला लागले तर रॅम कुणाला पुरणार? १६ जीबी रॅम आणि एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) असेल तर फारसं जाणवत नाही, ४ जीबी आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर चहा करून यायला वेळ मिळतो.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे भीती जाईल. स्टार्टअपमधून, म्हणजे आपोआप उघडणाऱ्यांच्या यादीतून, बंद करणं म्हणजे प्रोग्राम काढून टाकणं नाही. प्रोग्राम तिथेच असतो, त्यातला डेटा तिथेच असतो, तुम्ही आयकॉनवर क्लिक केलं की नेहमीसारखा उघडतो, फक्त स्वतःहून उघडत नाही. आणि चुकून नको ते बंद केलं तर त्याच जागी जाऊन परत चालू करता येतं. त्यामुळे बिनधास्त करा.

टास्क मॅनेजर उघडा

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये कधीकधी छोटीशी खिडकी येते आणि तिच्यात फक्त उघडलेल्या ॲप्सची यादी असते, तेव्हा खाली डावीकडे "मोर डिटेल्स" वर क्लिक करा, मग वर टॅब दिसतील त्यातला "स्टार्टअप" घ्या. विंडोज ११ मध्ये टॅब वर नसून डाव्या बाजूला उभे असतात, तिथे "स्टार्टअप ॲप्स" लिहिलेलं आहे, फक्त चित्रंच दिसत असतील तर वरच्या तीन आडव्या रेषांवर क्लिक केलं की नावंही दिसतात.

(अजून विंडोज ७ वापरणारे असतील तर त्यांना हे टास्क मॅनेजरमध्ये सापडणार नाही. त्यांनी स्टार्टमध्ये एमएसकॉन्फिग टाइप करून तिथला स्टार्टअप टॅब बघायचा. विंडोज ८ पासून ही यादी टास्क मॅनेजरमध्ये हलवली.)

आता यादी दिसतेय. प्रत्येक ओळीत प्रोग्रामचं नाव, पब्लिशर म्हणजे कुणी बनवला ते, स्टेटस म्हणजे एनेबल्ड का डिसेबल्ड, आणि शेवटी "स्टार्टअप इम्पॅक्ट". आधी स्टेटसच्या हेडिंगवर क्लिक करा म्हणजे चालू असलेले सगळे एका जागी येतील, डिसेबल्ड असलेल्यांकडे बघायची गरज नाही.

इम्पॅक्टबद्दल थोडं सांगतो कारण लोक फक्त "हाय" लिहिलंय म्हणून घाबरून बंद करतात. सुरू होताना ज्याने सीपीयूचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचणं-लिहिणं केलं त्याला विंडोज हाय म्हणतं. ३ एमबी म्हणजे आजच्या हिशोबात काहीच नाही, मोबाइलवरचा एक फोटो तेवढा असतो, त्यामुळे कामाचे प्रोग्रामसुद्धा सर्रास हाय दिसतात. ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबीच्या आत असेल तर लो, मधलं ते मीडियम. "नॉट मेझर्ड" लिहिलं असेल तर त्याचं अजून मोजमाप झालेलं नाही एवढंच, व्हायरस वगैरे काही नाही. तर हा कॉलम बघा पण निर्णय त्याच्यावर घेऊ नका.

मग निर्णय कशावर घ्यायचा

माझा साधा नियम असा आहे, प्रत्येक नावासमोर दोन प्रश्न विचारायचे. कॉम्प्युटर चालू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मला हे लागतं का? आणि मी हे स्वतः उघडलं नाही तरी मागे राहून ते माझं काही काम करत असतं का? दोन्हीला उत्तर नाही असेल तर राइट क्लिक करून डिसेबल. बस.

म्हणजे स्पॉटिफाय, स्टीम, डिस्कॉर्ड, झूम, टोरंट, एपिक गेम्स, अडोबीचे अपडेटवाले दोन-तीन प्रकार, आयट्यून्स हेल्पर, हे सगळे पहिल्या फटक्यात जातात. गाणी ऐकायची असतील तेव्हा उघडा ना. टीम्स ऑफिसच्या कामाला दिवसभर लागत असेल तर राहू द्या, घरच्या लॅपटॉपवर वर्षातून एकदा मीटिंग असेल तर घालवा. व्हॉट्सॲपचंही तसंच, डेस्कटॉपवर मेसेज लगेच दिसायला हवेत असं ज्यांना वाटतं त्यांनी ठेवावं.

वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह यांच्याबाबतीत जरा थांबा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हला जोडलेले असतात आणि मालकाला माहीतही नसतं. वनड्राइव्ह सुरू झालंच नाही तर सिंक होणार नाही, म्हणजे आज केलेली फाइल क्लाउडवर जाणारच नाही, आणि लॅपटॉप बिघडला की तेव्हा कळतं. बॅकअप म्हणून त्याच्यावर भरवसा असेल तर चालू राहू द्या. वापरतच नसाल तर नुसतं डिसेबल करू नका, आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन फोल्डर बॅकअप थांबवा, तुमच्या फाइली कॉम्प्युटरवर खरंच आहेत का ते बघा, मग बंद करा.

जे ठेवायचं ते पण सांगतो. "विंडोज सिक्युरिटी नोटिफिकेशन आयकॉन" असं काही दिसेल, ते राहू द्या, हलकं असतं. अँटिव्हायरस तुम्ही विकत घेतलेला आणि चालू असलेला असेल तर अर्थातच राहू द्या. मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस मात्र नुसता स्टार्टअपमधून काढून उपयोग नाही, तो पूर्ण अनइन्स्टॉल करा, मग विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप ताबा घेतो. साउंडसाठी रिअलटेक, टचपॅडसाठी सिनॅप्टिक्स किंवा इलान, ग्राफिक्ससाठी इंटेल, एएमडी, एनव्हिडिया यांची नावं दिसली तर हात लावू नका, वाचणार काही नाही आणि दोन बोटांनी स्क्रोल होणं वगैरे बंद पडू शकतं. प्रिंटरचं शाई दाखवणारं एखादं टूल असतं ते बंद केलं तरी प्रिंट निघतेच, कारण प्रिंट काढायचं काम ड्रायव्हर (प्रिंटर आणि विंडोजची गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर) करतो आणि तो या यादीत नसतो.

आता आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर हमखास दिसणाऱ्या काही गोष्टी, ज्यांचा उल्लेख इंग्लिश गाइडमध्ये सापडणार नाही. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, म्हणजे आयएसएम किंवा श्रीलिपी वापरत असाल आणि ते स्टार्टअपमध्ये असेल तर ते राहू द्या, नाहीतर सकाळी अर्ज टाइप करायला बसलात की सगळं इंग्लिश अक्षरांत उमटेल आणि तुम्ही फॉन्ट बिघडला म्हणून शोधत बसाल. जीएसटी किंवा इन्कम टॅक्सचं काम करणाऱ्यांकडे डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्राम असतो, ईएमसायनर वगैरे असतं. टोकन रोज लागत असेल तर त्याचा प्रोग्राम ठेवा, महिन्यातून एकदा लागत असेल तर बंद करून त्या दिवशी हाताने सुरू केलं तरी चालतं. आणि सेतू किंवा सीएससी केंद्र चालवत असाल तर फिंगरप्रिंट मशीनची आरडी सर्व्हिस बंद होऊ देऊ नका, ती बंद असली तर आधारसाठी अंगठा घेतलाच जाणार नाही आणि समोर रांग लागलेली असताना कारण शोधणं फार वाईट.

एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यादीत दिसतंय आणि तुम्हाला आठवतच नाही की कधी टाकलं, तर इथे बंद करून थांबू नका, थेट अनइन्स्टॉल करा. दुरून कॉम्प्युटर चालवायची ही सॉफ्टवेअर आहेत, स्वतः वाईट नाहीत, पण "बँकेतून बोलतोय" म्हणणारे हेच टाकायला लावतात. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने मोबाइलवरच्या एनीडेस्कबद्दल बँकांना सावध केलं होतं ते यासाठीच.

"प्रोग्राम" नावाचा प्रोग्राम

पुष्कळांच्या यादीत एक ओळ अशी असते की नाव नुसतंच "प्रोग्राम", आयकॉन कोरा पांढरा कागद, पब्लिशर रिकामा. लोक हे बघून व्हायरस समजतात. बहुतेक वेळा तसं नसतं. काय होतं की एखादं सॉफ्टवेअर तुम्ही अनइन्स्टॉल केलेलं असतं पण त्याची स्टार्टअपमधली नोंद मागे राहिलेली असते. त्या नोंदीत फाइलचा पत्ता असतो सी ड्राइव्हमधल्या "प्रोग्राम फाइल्स" या फोल्डरपासून सुरू होणारा, आणि पत्ता अवतरणचिन्हांत नसला तर विंडोज पहिल्या स्पेसपाशी तोडतं, म्हणून उरतं नुसतं "प्रोग्राम". खात्री करायची असेल तर यादीच्या वरच्या हेडिंगवर राइट क्लिक करा, तिथे "कमांड लाइन" ला टिक करा, नवा कॉलम येईल आणि त्यात पूर्ण पत्ता दिसेल, त्यावरून कुठल्या सॉफ्टवेअरचं भूत आहे ते लगेच कळतं. डिसेबल करून सोडून द्या.

हा कमांड लाइन कॉलम तसाही कायम ठेवा, कामाचा आहे. अनोळखी नाव दिसलं की पत्ता बघायचा. ओळखीच्या कंपनीच्या फोल्डरमध्ये असेल तर ठीक. टेम्प नावाच्या फोल्डरमधून काहीतरी सुरू होतंय आणि फाइलचं नाव म्हणजे अर्थ नसलेली अक्षरं आणि आकडे, असं असेल तर मात्र डिसेबल करा आणि विंडोज सिक्युरिटी उघडून स्कॅन ऑप्शन्समधला ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, साधारण पंधरा मिनिटं जातात, उघडलेलं काम आधी सेव्ह करा.

सगळं करून झालं की रीस्टार्ट द्या. शटडाउन करून चालू नका करू, रीस्टार्टच. कारण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचं फीचर आहे, ते चालू असेल तर शटडाउनला विंडोजचा आतला भाग पूर्ण बंद न होता डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो, त्यामुळे सगळं पूर्ण नव्याने सुरू होतं ते रीस्टार्टलाच. "रोज बंद करतो तरी टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम (विंडोज किती वेळ सलग चालू आहे ते) बारा दिवस का दाखवतो" याचंही उत्तर हेच.

बंद केलं तरी परत येतंय

याला तीन-चार कारणं असतात. पहिलं म्हणजे त्या ॲपने अपडेट झाल्यावर किंवा तुम्ही एकदा उघडल्यावर स्वतःला परत यादीत घातलं. यावर उपाय ॲपच्या आतून बंद करणं. जवळपास प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये हे असतं, स्टीममध्ये इंटरफेसखाली, डिस्कॉर्डमध्ये विंडोज सेटिंग्जखाली, टोरंटमध्ये जनरलखाली, स्पॉटिफायमध्ये सेटिंगच्या खालच्या भागात. खरं तर आधी इथूनच बंद करावं आणि टास्क मॅनेजर नंतर, कारण ॲपला स्वतःलाच माहीत असलं की आपल्याला उठायचं नाहीये तर ते परत परत नाक खुपसत नाही.

ब्राउझरचं जरा वेगळं आहे. एजमध्ये "स्टार्टअप बूस्ट" म्हणून एक बटण असतं, सेटिंगमध्ये सिस्टिम अँड परफॉर्मन्सखाली, ते चालू असेल तर तुम्ही एज कधीच वापरत नसलात तरी ते मागे जागं असतं. क्रोममध्ये सिस्टिमखाली "क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवा" अशा अर्थाचा पर्याय आहे तो बंद करा.

दुसरं कारण, ज्याचा टास्क मॅनेजरशी संबंधच नाही. विंडोजला सवय आहे की बंद करताना उघडी असलेली ॲप पुढच्या वेळी परत उघडून द्यायची. सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग साइन-इन ऑप्शन्स, तिथे खाली "रीस्टार्टेबल ॲप्स" आपोआप सेव्ह करण्याबद्दल एक बटण आहे, ते ऑफ करा. फोल्डरच्या खिडक्याच परत उघडत असतील तर फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यू टॅबखाली "रिस्टोअर प्रीव्हियस फोल्डर विंडोज" ची टिक काढा.

तिसरं, स्टार्टअप फोल्डर. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, छोटा बॉक्स येतो, त्यात शेल हा शब्द, मग कोलन, मग स्टार्टअप, हे सगळं इंग्लिशमध्ये आणि मधे स्पेस न देता टाइप करून एंटर. एक फोल्डर उघडेल, त्यात जे शॉर्टकट असतील ते लॉगिनला चालतात. नको तो डिलीट करा, शॉर्टकटच असतो तो, मूळ प्रोग्रामला धक्का लागत नाही. (उलटं पण करता येतं, टॅली किंवा रोजची एक्सेल फाइल आपोआप उघडायला हवी असेल तर तिचा शॉर्टकट इथे आणून टाका.)

चौथं म्हणजे टास्क शेड्युलर. काही प्रोग्राम, खासकरून अपडेट शोधणारे, इथे लपतात आणि टास्क मॅनेजरच्या यादीत दिसतच नाहीत. स्टार्टमध्ये नाव टाकून उघडा, डावीकडे "टास्क शेड्युलर लायब्ररी" वर क्लिक करा, मधे यादी येईल, त्यातल्या ट्रिगर्सच्या कॉलममध्ये "ॲट लॉग ऑन" लिहिलेले बघा. त्यात ओळखीचं नको असलेलं नाव असेल तर राइट क्लिक, डिसेबल. डिलीट नको, डिसेबलच. आणि मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरमध्ये आत शिरू नका, तिथे आपलं काही काम नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपवर काही ओळी डिसेबलच होत नसतील तर ते आयटीवाल्यांनी लॉक केलेलं असतं, त्यांनाच सांगा, उगाच खटाटोप नको.

सर्व्हिसेस, आणि यूट्यूबवरच्या टिपा

सर्व्हिसेस, म्हणजे खिडकी न दाखवता मागे चालणारे प्रोग्राम, हा वेगळा प्रकार. या लॉगिनच्या आधीच सुरू होतात. नवशिक्यांनी इथे न गेलेलंच बरं, पण जायचंच असेल तर स्टार्टमध्ये एमएसकॉन्फिग असं इंग्लिशमध्ये टाइप करून ते उघडा, सर्व्हिसेस टॅब, आणि सगळ्यात आधी, म्हणजे अगदी सगळ्यात आधी, खाली "हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस" ला टिक करा. मग जे उरतं ते बाहेरच्या कंपन्यांचं. त्यातलं जे नक्की ओळखता तेवढंच काढा. ती टिक न करता "डिसेबल ऑल" दाबणाऱ्यांचं वायफाय, आवाज, प्रिंटर असं काहीही जाऊ शकतं, आणि मग दुकानवाल्याचं फॉरमॅटचं गिऱ्हाईक पक्कं.

त्याच एमएसकॉन्फिगमध्ये बूट टॅबखाली ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या जास्तीत जास्त करा म्हणजे कॉम्प्युटर रॉकेट होतो असे व्हिडिओ ढिगाने आहेत. होत नाही. विंडोज मुळातच प्रोसेसरचे सगळे कोअर वापरतं, तो पर्याय संख्या कमी करून टेस्टिंग करण्यासाठी दिलाय. तिथला मॅक्सिमम मेमरीचा रकाना तर बघूही नका, तिथे चुकीचा आकडा पडला तर असलेली रॅमही पूर्ण वापरली जात नाही.

आणि फुकटातले "पीसी क्लीनर", "बूस्टर" टाकू नका. ते स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात, हे एवढं एकच कारण पुरे. खरंच खोलात जाऊन सगळं बघायचं असेल तर ऑटोरन्स नावाचं टूल आहे, सिसइंटर्नल्सचं, जी कंपनी २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली, त्यामुळे ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच फुकट मिळतं, इन्स्टॉलही करावं लागत नाही. उघडल्यावर आधी ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा. पिवळ्या दिसणाऱ्या ओळी म्हणजे ज्यांची फाइलच जागेवर नाही, त्यांच्यासमोरची टिक काढली तरी पुरे.

एवढं सगळं करून चालू व्हायला अजूनही वेळच लागत असेल तर टास्क मॅनेजरमध्येच परफॉर्मन्स टॅबला जा आणि डिस्कवर क्लिक करा. तिथे एचडीडी (म्हणजे जुनी हार्ड डिस्क) लिहिलंय का एसएसडी ते दिसतं. एचडीडी असेल आणि कॉम्प्युटर चालू झाल्यावर बराच वेळ वापर १०० टक्क्यांवर चिकटून बसत असेल तर स्टार्टअपमधून अजून चार गोष्टी काढून काही होणार नाही, बहुतेक सेटिंगची हद्द संपली. बॅकअप घ्या आणि एसएसडी बसवून घ्या, बसवणाऱ्याला आधीच सांगा की जुनं विंडोज क्लोन करून (जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून) दे, म्हणजे टायपिंगचं सॉफ्टवेअर, टोकन, टॅली परत पहिल्यापासून टाकत बसायला नको.